ऑर्ग्रीव्हचं शेत आणि एकसारख्या जबान्या

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन महिने लेकीकडे शेफिल्डला होतो, त्यामुळे ब्लॉगवर धूळ साचली. "आहेस ना?" म्हणून मेल टाकणाऱ्यांचे आभार. आहे, आहे.

लेकीचं घर वेव्हर्ली नावाच्या नव्याकोऱ्या वसाहतीत आहे. एकासारखी एक विटांची घरं, छोटे तलाव, त्यात बदकं. संध्याकाळी फिरायला गेलं की एक आजोबा भेटायचे. त्यांनी एकदा सहज विचारलं, "तुम्ही राहता ती जागा पूर्वी काय होती, ठाऊक आहे का?" मला नव्हतं. इथे ऑर्ग्रीव्हचा कोक कारखाना होता. दगडी कोळसा भट्टीत भाजून त्याचा कोक करायचा आणि तो पोलाद कारखान्यांना पुरवायचा. कारखाना १९९० च्या सुमारास बंद झाला. पण ऑर्ग्रीव्ह हे नाव तिकडे अजूनही कोळशासाठी घेतलं जात नाही, १८ जून १९८४ या एका दिवसासाठी घेतलं जातं.

त्यानंतर वाचनालयात जाऊन जे मिळेल ते वाचत बसलो. (लेक म्हणाली, बाबा, लोक इथे येऊन लेक डिस्ट्रिक्ट बघतात.) एवढा रस वाटायचं कारण घरातल्या मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आमचे दादा, म्हणजे वडील, मुंबई पोलिसात हवालदार होते. १९८२ च्या गिरणी संपात त्यांची ड्यूटी बहुतेक लालबाग-परळच्या बंदोबस्तावर असायची. त्यांच्या भुवईवर तीन टाक्यांची खूण होती, ती त्याच वर्षाची. आणि अण्णाकाका, त्यांचे सख्खे भाऊ, गिरणीत साचाखात्यात. दादा हसत म्हणायचे, दगड मारणारा अण्णाच्याच खात्यातला असणार, नेम चुकत नाही त्यांचा. त्यामुळे संप आणि पोलीस म्हटलं की मला एका बाजूला उभं राहून बघता येत नाही.

तर ब्रिटनचा संप. थोडक्यात पार्श्वभूमी.

तिकडच्या खाणी तेव्हा सरकारी मालकीच्या होत्या. मार्च १९८४ मध्ये नॅशनल कोल बोर्डाने वर्षभरात २० खाणी बंद करायचं आणि २०,००० नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. बोर्डाचे अध्यक्ष इयन मॅकग्रेगर, पंतप्रधान मार्गारेट थॅचर, आणि समोर खाणकामगारांच्या युनियनचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल. यॉर्कशायरमधल्या कॉर्टनवुड खाणीपासून ठिणगी पडली आणि बघता बघता यॉर्कशायर, वेल्स, स्कॉटलंड, केंट सगळीकडे काम थांबलं. पण स्कारगिल यांनी देशभरातल्या सभासदांचं गुप्त मतदान घेतलं नाही. नॉटिंगहॅमशायरच्या कामगारांनी आपल्यापुरतं मतदान घेतलं, ते बहुमताने संपाच्या विरुद्ध गेलं आणि तिथल्या बहुतेक खाणी चालू राहिल्या. मला विचाराल तर स्कारगिल यांची ही घोडचूक. मतदान घेतलं असतं तर कदाचित ते जिंकलेही असते. न घेतल्यामुळे कामगार विरुद्ध कामगार असं चित्र उभं राहिलं आणि मधे पोलीस आले.

पोलीस कसे आले, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखं गृहखात्याच्या हाताखालचं राज्य पोलीस दल नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून ४३ वेगवेगळी दलं. प्रत्येकाचा मुख्य अधिकारी आपापल्या जिल्ह्यात स्वतंत्र, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला तेव्हा स्थानिक समिती असायची. 'आपल्या गावचा पोलीस' ही त्यांची जुनी अभिमानाची गोष्ट. पण १९७२ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममधल्या सॉल्टली इथे संपकरी आणि त्यांच्या मदतीला आलेले हजारो कामगार इतक्या संख्येने जमले की पोलिसांनाच कोक डेपोचं फाटक बंद करायला लावावं लागलं. तो अपमान सरकार विसरलं नाही. त्यानंतर लंडनमध्ये नॅशनल रिपोर्टिंग सेंटर नावाची एक यंत्रणा उभी केली गेली. कुठल्या दलाकडे किती माणसं मोकळी आहेत याचा हिशेब ठेवायचा आणि हवी तिथे पाठवायची. कागदावर ही शेजाऱ्याने शेजाऱ्याला केलेली मदत. १९८४ मध्ये मात्र ती वर्षभर चालली, आणि कोणी मान्य करो न करो, देशाला एक राष्ट्रीय पोलीस दल मिळालं.

बसेस भरभरून पोलीस येऊ लागले. लंडनचे, हॅम्पशायरचे, डेव्हनचे. जुन्या लष्करी छावण्यांत आणि विमानांच्या हँगरमध्ये खाटा टाकून त्यांना ठेवलं. पहाटे तीनला उठायचं, बसमध्ये बसायचं, अंधारात कुठल्यातरी फाटकावर उभं राहायचं. दादांच्या बंदोबस्ताच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे सांगायला नको. फरक एवढाच की त्यांना ओव्हरटाइम घसघशीत मिळत होता. आणि इथेच पहिली मोठी तक्रार आली. महिनोन्महिने पगार नसलेल्या, सूपकिचनमध्ये पोरांना जेवायला नेणाऱ्या माणसांसमोर बाहेरगावचे काही पोलीस नोटा आणि पगाराच्या स्लिपा नाचवायचे. ही हकीकत इतक्या खेड्यांतून, इतक्या माणसांनी सांगितली आहे की ती कपोलकल्पित म्हणता येत नाही. गावचा पोलीस असं करू शकला नसता. त्याला संध्याकाळी त्याच पबमध्ये जायचं होतं, आणि कित्येकदा त्याचा भाऊ किंवा मेव्हणाच खाणीत होता. म्हणूनच तर बाहेरचे आणले.

(आपल्याकडे उलटं झालं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस शिपाईच आपल्या मागण्यांसाठी उठले आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. गिरणगावातली माणसं तेव्हा पोलिसांच्या बाजूने रस्त्यावर आली. तो विषय वेगळा आहे, पुन्हा कधीतरी.)

दुसरी तक्रार रस्ते अडवण्याची. केंटचे खाणकामगार नॉटिंगहॅमशायरकडे निघाले, तर त्यांना थेम्सखालच्या डार्टफर्ड बोगद्यापाशीच अडवलं. जिथे जायचं ते ठिकाण सव्वाशे मैलांहून जास्त लांब! पुढे गेलात तर अटक करू, असं सांगितलं. नॉटिंगहॅमशायरच्या पोलीस प्रमुखांनी दिलेला आकडा असा की पहिल्या २७ आठवड्यांत १ लाख ६४ हजार ५०८ 'संभाव्य निदर्शकां'ना जिल्ह्याच्या हद्दीवरून परत पाठवलं. एकच माणूस त्यात दहादा मोजला गेला असेल, तरी आकडा छाती दडपवणारा आहे. न्यायालयात हे प्रकरण गेलं, आणि शांततेचा भंग लवकरच होईल असं पोलिसांना प्रामाणिकपणे वाटत असेल तर ते अडवू शकतात, असा निकाल लागला.

ज्यांना अटक झाली त्यांची गोष्ट आणखी मजेशीर, म्हणजे मजेशीर म्हणायचं आपलं. मॅन्सफील्डच्या न्यायालयात जामिनाच्या अर्जांना अटींची आधीच छापून ठेवलेली चिठ्ठी स्टेपल केली जायची. स्वतःच्या खाणीशिवाय दुसऱ्या कुठल्याही फाटकावर निदर्शनाला जायचं नाही. माणूस कोण, त्याने केलं काय, हे न बघता सगळ्यांना तीच चिठ्ठी. सगळ्यांना एकच मजकूर... ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पोलिसांच्या जखमांबद्दल. संपाबद्दल आत्मीयतेने लिहिणारे लोक हा भाग दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही. वर्षभरात सुमारे १४०० पोलीस जखमी झाले. विटा, बाटल्या, गोफणीने मारलेल्या लोखंडी गोळ्या. पोलिसांच्या अंगावर हे येत होतं आणि त्यातला बहुसंख्य शिपाई पंचविशीच्या आतबाहेरचा, ज्याचा खाणींशी काही संबंध नाही असा होता. मृत्यूही झाले. डेव्हिड जोन्स आणि जो ग्रीन हे दोन खाणकामगार निदर्शनांच्या ठिकाणी गेले. आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये दक्षिण वेल्समध्ये डेव्हिड विल्की हा टॅक्सीचालक गेला. कामावर जाणाऱ्या एका खाणकामगाराला तो सोडायला निघाला होता, आणि पुलावरून त्याच्या टॅक्सीवर काँक्रीटचा ठोकळा टाकला गेला. संपकऱ्यांच्या बाजूने काहीही सांगताना या माणसाला वगळून पुढे जाता येत नाही.

पण जखमी पोलीस ही एक गोष्ट आणि जखमी पोलिसाचा फोटो ही दुसरी. याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आधीच घडलेलं होतं, आणि त्यात आपली माणसं होती. १९७६ ते ७८ या काळात लंडनच्या विल्सडेन भागात ग्रनविक या फिल्म धुणाऱ्या कंपनीत संप झाला. संपावरच्या बायका बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या, पुष्कळशा गुजराती, आणि त्यांच्या नेत्या जयाबेन देसाई. साडी नेसलेल्या, जेमतेम पाच फूट उंचीच्या. त्यांच्या मदतीला जून १९७७ मध्ये यॉर्कशायरहून बसेस भरून खाणकामगार आले, आणि त्यांना घेऊन आले ते हेच स्कारगिल. त्या दिवशी एका शिपायाच्या डोक्यात बाटली बसली. रस्त्यावर रक्तात पडलेला तो शिपाई दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत पहिल्या पानावर होता. जखम खरीच होती, गंभीर होती. पण त्या एका फोटोनंतर त्या बायकांना वर्षभर पोलिसांनी कसं वागवलं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९८४ च्या दोन्ही बाजूंना हा धडा पाठ होता.

आता त्या सोमवारकडे येतो. १८ जून १९८४.

ऑर्ग्रीव्हचा कोक ट्रकांनी स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्याला जात होता, आणि तो अडवायला स्कारगिल यांनी देशभरातून माणसं बोलावली होती. ऊन मस्त पडलेलं. तिकडे ऊन पडलं की माणसं वेगळीच होतात, मी पाहिलंय. पोरं टी-शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट घालून आलेली, कोणी फुटबॉल खेळतंय, कोणी गवतावर उघडं पडलंय. एक गोष्ट मात्र विचित्र. तीन महिने जे पोलीस मैलोगणती आधी गाड्या अडवत होते, ते त्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या ते दाखवत होते आणि माणसांना त्या शेताकडे वाट करून देत होते. शेताच्या एका तोंडाशी ढाली घेतलेल्या पोलिसांची भिंत, बाजूंना कुत्री आणि घोडेस्वार, मागे रेल्वेलाइनचा खोल उतार आणि गावाकडे जायला एक अरुंद पूल. निदर्शक सुमारे ८,०००. पोलीस किती ते कोणाला विचारता त्यावर आहे, ४,००० पासून ६,००० पर्यंत आकडे सांगतात.

आठच्या सुमारास ट्रक आले. नेहमीची रेटारेटी झाली, काही दगड आले. मग ढालींची भिंत मधोमध उघडली आणि घोडे बाहेर पडले. त्यांच्या मागून छोट्या गोल ढाली आणि दंडुके घेतलेल्या तुकड्या धावल्या. ब्रिटनच्या भूमीवर हा प्रकार तोवर कोणी पाहिला नव्हता. ट्रक भरून निघून गेल्यावर, म्हणजे ज्यासाठी सगळं चाललं होतं ते संपल्यावरही हे थांबलं नाही. पूल ओलांडून घोडे गावाच्या गल्ल्यांत शिरले. जॉन हॅरिस या छायाचित्रकाराचा एक फोटो आहे. जखमी माणसासाठी मदत मागणारी एक बाई, हातात कॅमेरा, आणि तिच्यावर घोड्यावरून दंडुका उगारलेला पोलीस. बहुतेक वर्तमानपत्रांनी तेव्हा तो छापला नाही.

त्या रात्री बीबीसीच्या बातम्यांत आधी दगडफेक आणि मग घोडे असा क्रम दाखवला गेला. प्रत्यक्ष चित्रीकरणाचा क्रम उलटा होता. नजरचुकीने उलट झाली, असं बीबीसीने १९९१ मध्ये मान्य केलं. सात वर्षांनी!

अधिकृत आकडे त्या दिवसाचे असे: ७२ पोलीस जखमी, ५१ निदर्शक जखमी. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दादांचीच आठवण झाली. पोलिसाला खरचटलं तरी त्याची नोंद होते, व्हायलाच हवी, पुढे रजा आणि औषधपाण्यासाठी ती लागते. दवाखान्यात गेलो तर तिथेच अटक होईल म्हणून गेलोच नाही, असं अनेक खाणकामगारांनी पुढे सांगितलं आहे. डोक्याला रुमाल गुंडाळून ते बसने घरी गेले, आणि कुठल्याच रजिस्टरमध्ये आले नाहीत.

९५ जणांवर खटले भरले. त्यांतल्या ७१ जणांवर दंगलीचा आरोप, ज्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र सरकारी अभियोग यंत्रणा नव्हती, ती १९८६ मध्ये आली. ज्या पोलिसांनी मारलं, त्यांनीच पकडलं आणि त्यांच्याच खात्याने खटला भरला. मे १९८५ मध्ये शेफिल्डला पहिल्या १५ जणांचा खटला उभा राहिला. ४८ दिवस चालला आणि १७ जुलैला कोसळला.

कोसळला कशामुळे? जबान्यांमुळे. बचाव पक्षाच्या वकिलांनी (मायकेल मॅन्सफील्ड त्यांत होते) पोलिसांच्या जबान्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेले, एकमेकांना न ओळखणारे शिपाई, आणि सुरुवातीचे परिच्छेदच्या परिच्छेद शब्दशः सारखे! उलटतपासणीत शिपायांनी कबूल केलं की साध्या वेशातल्या गुप्तहेर अधिकाऱ्यांनी ते सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. एका जबानीवरची सही ज्याची म्हणून दाखवली त्याची नव्हतीच, असं हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितलं. सरकार पक्षाने खटला मागे घेतला. ९५ पैकी एकालाही शिक्षा झाली नाही.

याच खटल्यात आणखी एक कागद बाहेर आला. पोलीसप्रमुखांच्या संघटनेने तयार केलेली जमाव हाताळण्याची एक गुप्त पुस्तिका. छोट्या ढाली, घोडे, जमावात घुसून माणसं निकामी करणं, सगळं त्यात होतं, आणि पार्लमेंटला त्याचा पत्ता नव्हता. ती बनवताना हाँगकाँगच्या वसाहतीतल्या पोलिसांचा सल्ला घेतला होता, हे पुढे पत्रकार गेरी नॉर्थम यांनी मांडलं. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. साहेबाने आपल्याकडे १८६१ च्या पोलीस कायद्याने जे दल बांधलं ते आयर्लंडच्या नमुन्यावर. लोकांना धाकात ठेवायचा तो नमुना. स्वतःच्या घरी मात्र त्याने बिनबंदुकीचा, गावातलाच बॉबी ठेवला. लाठीमार हा शब्द आपल्या पेपरात रोजचा. तो शंभरेक वर्षांनी फिरून यॉर्कशायरच्या शेतात पोचला.

मग तक्रारींचं काय झालं? संपाच्या काळात पोलिसांविरुद्ध काही शे तक्रारी नोंदल्या गेल्या. वर्षभराचा मामला आणि ११,२९१ अटका बघता हे फारच थोडं. पण त्याला कारण होतं. तक्रारीची चौकशी पोलीसच करायचे. शिवाय ज्याच्यावर खटला चालू आहे त्याने तक्रारीत जे लिहिलं ते त्याच्याच विरुद्ध वापरलं जाण्याची भीती. वकीलच सांगायचे, आता गप्प बसा. खटला संपेपर्यंत वर्ष उलटायचं. ऑर्ग्रीव्हच्या ३९ जणांनी दिवाणी दावे लावले, आणि १९९१ मध्ये साउथ यॉर्कशायर पोलिसांनी ४ लाख २५ हजार पौंड देऊन ते मिटवले. चूक मान्य न करता. एकाही पोलिसावर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही.

संप मार्च १९८५ मध्ये मोडला होता. युनियनच्या प्रतिनिधींनी ९८ विरुद्ध ९१ मतांनी परत जायचं ठरवलं. बँड लावून, झेंडे घेऊन माणसं फाटकातून आत गेली.

हे सगळं तिथेच संपलं असतं. पण १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्याच हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. पोलीस दल तेच, प्रमुखही तेच, पीटर राइट. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिलं की पोलिसांच्या १६४ जबान्या मागाहून बदलल्या होत्या. तेव्हा लोकांना ऑर्ग्रीव्ह आठवलं. १९८५ मध्येच त्या जबान्यांबद्दल कोणाला तरी जाब विचारला असता तर १९८९ मध्ये तीच लेखणी पुन्हा हातात घ्यायला कोणी धजावलं असतं का? हिल्सबरोची कुटुंबं २७ वर्षं लढली, तेव्हा कुठे २०१६ मध्ये ज्यूरीने हे बेकायदा मृत्यू असल्याचं सांगितलं.

दादा असते तर म्हणाले असते, वरून सांगतील तसं लिहावं लागतं बाबा. मला त्या शिपायांचंही वाईट वाटतं. विशीतला पोरगा, हेल्मेटवर दगड झेललेला, खरोखर घाबरलेला. त्याने स्वतः काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं असतं तर त्याच्या जखमेला न्यायालयात काही किंमत राहिली असती. त्याच्या हातात दुसऱ्याचा मजकूर दिला आणि त्याची खरी जखमही खोट्या कागदात गेली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी ऑर्ग्रीव्हची चौकशी नाकारली. त्या दिवशी कोणी मेलं नाही आणि कोणाला चुकीची शिक्षाही झाली नाही, हे त्यांचं एक कारण. स्कॉटलंडने आपल्यापुरता वेगळा मार्ग काढला. २०२२ मध्ये कायदा करून संपात शिक्षा झालेल्या खाणकामगारांना माफी दिली. अखेर जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ऑर्ग्रीव्हची वैधानिक चौकशी जाहीर केली. साक्षीदारांना बोलवण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार असलेली. अध्यक्ष शेफिल्डचे बिशप, पीट विल्कॉक्स. तेव्हा पंचविशीत असलेले दोन्ही बाजूंचे लोक आता पासष्टीच्या पुढे आहेत, आणि त्या सारख्या परिच्छेदांचा मजकूर मुळात कोणी सांगितला, हे त्यांना विचारलं जायचं आहे.